हुमणीवरची हिरवी बुरशी आणि कॅन्ससचा ढेकूण



गेल्या आठवड्यात सोयाबीनमधनं फिरताना पानाच्या देठाजवळ एक अळी चिकटून बसलेली दिसली. हात लावला तर कडक, काडीसारखी. अंगावर चुन्याची पूड उधळल्यागत पांढरं. दोन दिवसांनी परत जाऊन बघितलं तर तीच अळी फिकट हिरवी झालेली. फवारणी काहीच केलेली नव्हती. आठ दिवस झड लागली होती एवढंच. आमचे वडील असं दिसलं की म्हणायचे, पावसानं अळी मेली. पावसानं नाही मरत ती, बुरशीनं मरते. पण झड नसती तर बुरशीही चढली नसती. म्हणजे वडील अर्धे बरोबरच होते.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. टपरीवर दोन माणसांची जुंपली होती. एक म्हणत होता, मेटारायझियम, बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम सगळं बोगस, पैसे मातीत. दुसरा म्हणत होता, एकदा बुरशी सोडली की रानात औषध घालायची गरजच नाही. मी गप्प बसलो, कारण मी दोन्ही बाजूंनी बोलून बसलेलो माणूस आहे. आधी दुसऱ्यासारखं बोललो, मग हुमणीनं अर्धा एकर ऊस वाळवला तेव्हा पहिल्यासारखं.

त्यानंतर जरा वाचायला लागलो. दहावी पास माणूस, इंग्रजी अडखळत वाचतो. पुतण्या कृषी कॉलेजला होता, त्यानं बरंच समजावून सांगितलं. तेव्हा कळलं की टपरीवरचं हे भांडण आपलं नाहीच. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत शेतकऱ्यांचं आणि शास्त्रज्ञांचं हेच झालेलं आहे. पण सुरुवात त्याच्याही आधीची, आणि ती कीड मारण्यापासनं झालेली नाही, उलटी आहे.

इटलीच्या उत्तरेला, मिलानच्या जवळ, लोदी म्हणून गाव आहे. तो सगळा रेशमाचा मुलूख, तुतीची झाडं आणि घराघरात रेशीमकिडे. तिथं एक रोग यायचा. किडा मरायचा, कडक व्हायचा आणि अंगावर पांढरी पूड यायची. त्यांच्या भाषेत चुन्यावरनंच त्या रोगाला नाव पडलेलं. फ्रान्समध्ये त्यालाच मस्कार्डिन म्हणायचे, एका साखरेच्या मिठाईच्या नावावरनं. माणसाचं नुकसान होत असतं आणि नाव मिठाईचं.

आगोस्तिनो बास्सी हा तिथला माणूस, जन्म १७७३ चा. शिकला वकिली, पण डोळे अधू होत गेले आणि शेवटी शेतीवर येऊन राहिला. मेंढ्या, बटाटा, चीज, दारू सगळ्यावर त्यानं लिहिलं. १८०७ च्या सुमारास तो या रोगाच्या मागं लागला. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं असं की रोग आपोआप होतो, हवा वाईट, पाला वाईट, खोली कोंदट. बास्सीही तसंच धरून चालला. वर्षानुवर्षं किड्यांना वाईट पाला घाल, उकाड्यात ठेव, नाना पदार्थ लाव, असं करून रोग तयार करायला बघितला. किडे मेले, पण तो रोग काही झाला नाही. १८१६ मध्ये तो इतका खचला की सगळं सोडून देणार होता.

मग त्याच्या लक्षात आलं की रोग तयार होत नाही, तो येतो. मेलेल्या किड्याच्या अंगावरची ती पांढरी पूड निरोगी किड्याला लागली की तो मरतो. पूड म्हणजे बुरशीचं बी. ती हाताला लागते, कपड्याला लागते, ट्रेला लागते आणि या घरातनं त्या घरात जाते. १८३५ मध्ये त्यानं पुस्तक छापलं. मेलेले किडे नष्ट करा, भांडी उकळत्या पाण्यानं धुवा, नवीन किडे वेगळे ठेवा, असं त्यात सांगितलं. अमुक एक सूक्ष्म जीव अमुक रोग करतो, हे एखाद्या प्राण्याच्या बाबतीत असं सिद्ध करणारा तो पहिल्यांतला. पाश्चरचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण पाश्चर त्याच्या कितीतरी नंतरचा. आणि बास्सी हा डोळे गेलेला शेतकरी, हे मला फार आवडलं.

त्या बुरशीला पुढं त्याचंच नाव मिळालं. आपण दुकानात जे बिव्हेरिया बॅसियाना मागतो ना, त्यातलं बॅसियाना म्हणजे बास्सीचं. मला ही गोष्ट कळायला पन्नाशी उलटावी लागली.

इथं थांबून रेशीमवाल्यांना एक सांगतो. बीड, जालना भागात आता बरेच जण तुती करतात, आपल्या भागातही काही जण आहेत. तुतीच्या शेजारच्या रानात बिव्हेरिया फवारू नका, कुणी फवारत असेल तर त्याला हात जोडून सांगा. जैविक आहे म्हणून काही होत नाही, असं समजू नका. ही बुरशी माणसाला कळली तीच मुळी रेशीमकिडा मारताना.

आता जी वस्तू रेशमाचा किडा मारते ती शत्रूचा किडा का मारणार नाही, हा विचार कुणालाही सुचेल. पण तो रानात करून बघायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा आहे, आज युक्रेनमध्ये येतं. तो गव्हाचा मुलूख. १८७० नंतरच्या दशकात तिथं गव्हावर एका भुंगेऱ्यानं कहर केला. भुंगेरा वर ओंबीतले दाणे खायचा आणि त्याची अळी जमिनीत मुळ्या खायची. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या हुमणीच्याच कुळातला तो. हुमणी म्हणजे काय, भुंगेऱ्याची अळीच.

इल्या मेचनिकॉव्ह नावाचा शास्त्रज्ञ तिथं शिकवत होता. जमिनीतल्या काही अळ्या मेलेल्या आणि अंगावर हिरवी बुरशी आलेली त्यानं बघितली. १८७९ मध्ये त्यानं त्याबद्दल लिहिलं. नुसतं लिहून थांबला नाही, बिअरसाठी करतात त्या जवाच्या लगद्यावर ती बुरशी वाढवायची खटपटही केली. हीच ती मेटारायझियम ॲनिसोप्ली. ॲनिसोप्ली हे नाव त्या गव्हाच्या भुंगेऱ्यावरनं आलंय. मेचनिकॉव्ह पुढं माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी कशा लढतात त्या कामाकडं वळला आणि १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. भुंगेरा मात्र मागं राहिला.

ते काम इसाक क्रासिलश्चिक यानं उचललं. कीवच्या दक्षिणेला स्मीला गावी १८८४ मध्ये त्यानं बुरशीचा कारखानाच काढला म्हणा. तिथं साखर बीटपासून होते, आणि बीटावर सोंड्या भुंगेरा पडायचा. चार महिन्यांत सुमारे ५५ किलो नुसतं बुरशीचं बी त्यानं काढलं. वाळूत मिसळून रानात टाकलं आणि दहा-पंधरा दिवसांत निम्म्याहून जास्त अळ्या मेल्याचं नोंदवलं. १८८४ साल बघा. आपल्याकडं तेव्हा बैलाची मोट चालत होती, आणि तिथं जैविक कीडनाशकाचा कारखाना. पण तो चार-सहा वर्षांपलीकडं चालला नाही.

आता अमेरिका. ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट ही.

कॅन्सस राज्यात गहू आणि मका. तिथं एक ढेकूण होता, चिंच बग म्हणायचे. जेमतेम भाताच्या दाण्याएवढा, काळा, पाठीवर पांढरे पंख. रस शोषणारा. गव्हात वाढायचा आणि गहू कापला की लाखोंच्या संख्येनं चालत चालत शेजारच्या मक्यात, ज्वारीत घुसायचा. पंख असून चालत जायचा. शेतकरी मधी नांगराचं तास काढून त्यात बारीक धूळ करायचे, म्हणजे ढेकणाला चढता येत नाही. नाहीतर डांबराची रेघ ओढायचे आणि तिच्या कडेला खड्डे काढून त्यात पडलेले ढेकूण मारायचे. माणसं रात्रंदिवस बांधावर.

तिथल्या विद्यापीठात फ्रान्सिस स्नो नावाचे प्राध्यापक होते, पुढं त्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. ओल्या हवेत हे ढेकूण पांढरी बुरशी येऊन मरतात हे बघण्यात आलेलं होतं. ती बुरशी म्हणजे आपली बिव्हेरियाच. १८८० च्या दशकाच्या शेवटी स्नोंनी असं सुरू केलं की शेतकऱ्यानं जिवंत ढेकूण डबीत घालून पाठवायचे, आणि विद्यापीठानं त्याला रोगट ढेकूण पाठवायचे. शेतकऱ्यानं रानातले ढेकूण त्या रोगट ढेकणांबरोबर एका पेटीत एक-दोन दिवस कोंडायचे आणि मग रानात सोडायचे. सोडलेले ढेकूण बाकीच्यांना रोग लावतील हा हिशेब. १८९१ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं या कामाला पैसे मंजूर केले. पोस्टानं हजारो पेट्या गेल्या.

आणि शेतकऱ्यांची पत्रं आली. बहुतेकांनी लिहिलं, ढेकूण मेले, पीक वाचलं, उपकार झाले. ज्यांचं काही झालं नाही अशांचीही पत्रं होती, पण कमी. मी स्वतः शेतकरी म्हणून सांगतो, फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल आपण वाईट लिहीत नाही. आणि ज्याचं पीक गेलं तो पत्र लिहायच्या मनःस्थितीत नसतो.

वाद काही वर्षं चालला. मग बिलिंग्ज आणि ग्लेन अशा दोघांनी रानोमाळ बघून तपासणी केली, तिचा अहवाल १९११ मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्यानं छापला. त्यांनी साधी गोष्ट केली. जिथं बुरशी सोडली तिथं बघितलं, आणि जिथं कुणीच सोडली नव्हती तिथंही बघितलं. तर बुरशी दोन्हीकडं होती. पेटी येण्याच्या आधीपासनं रानात होती, भरपूर होती. पाऊस पडला, ओल राहिली की सगळीकडं ढेकूण मरत होते, पेटी आलेल्या रानात आणि न आलेल्याही. कोरडं पडलं की दोन्हीकडं मरत नव्हते. म्हणजे ज्याला पेटी मिळाली आणि पाऊस आला तो म्हणाला पेटीनं काम केलं. ज्याला पेटी मिळाली आणि पाऊस आला नाही तो म्हणाला बोगस.

मंडळी, हे वाचलं तेव्हा मला टपरी आठवली.

अहवालानंतर अमेरिकेत बुरशीचं नावच मागं पडलं. मला वाटतं तिथं दुसरी चूक झाली. अहवालानं असं कुठं म्हटलं होतं की बुरशी किडा मारत नाही? बुरशी मारते, पण तिला ओल लागते, आणि जिथं ती आधीच भरून आहे तिथं आणखी पेटीभर टाकून फरक पडत नाही, एवढंच त्यात होतं. पण लोकांनी ऐकलं ते फक्त "उपयोग नाही". पुढं डीडीटी आलं, सकाळी मारलं की संध्याकाळी किडा खाली, मग दहा दिवस वाट बघायला सांगणाऱ्या बुरशीला कोण विचारतंय.

वाट का बघायला लागते तेही सांगतो, कारण आपली अर्धी फसगत तिथंच होते. ही बुरशी किड्यानं खायला लागत नाही. तिचं बी अंगावर पडतं, चिकटतं, ओल मिळाली तर उगवतं आणि वरचं कातडं विरघळवत आत शिरतं. आत रक्तात वाढते, किडा खायचा कमी होतो, आठवड्याच्या आसपास मरतो, हुमणीसारखी मोठी अळी त्याहून जास्त दिवस घेते. मेल्यावर बाहेर ओल असली तरच अंगावर पांढरं किंवा हिरवं येतं. म्हणून मावा, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडीवरही ती चालते. पण उगवायलाच ओल नाही आणि वर ऊन तापतंय, तर बी काही तासांत मरतं. पेरणी आणि पाऊस यांचं जे नातं आहे तेच हे नातं. कोरड्यात पेरलं तर बियाणं बोगस म्हणायचं का?

१९११ नंतरही काही ठिकाणी काम चालू राहिलं. रशियात १९६५ च्या सुमारास बिव्हेरियाचं औषध बाजारात आलं, बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी. ब्राझीलमध्ये उसावर एक फेसाळ तुडतुडा पडतो, तिथं १९७० नंतर मेटारायझियम मोठ्या प्रमाणावर वापरायला लागले. पिशवीत शिजवलेला तांदूळ, त्यावर बुरशी, आणि तोच तांदूळ रानात. ऑस्ट्रेलियात उसाच्या हुमणीसाठी २००० मध्ये अशीच तांदळावरची मेटारायझियम बाजारात आणली, लागणीच्या वेळी सरीत टाकून मातीनं झाकायची. झाकायची, हे लक्षात ठेवा. उन्हाचा प्रश्न तिथं मातीनं सोडवला.

ओलीचा प्रश्न आफ्रिकेत सोडवला गेला, तोही टोळांसाठी. १९८६ ते ८९ मध्ये तिथं टोळांनी धुमाकूळ घातला, आणि जालीम औषधं इतकी ओतली गेली की नंतर सगळ्यांना धास्ती बसली. १९८९ पासनं काही देशांच्या पैशातनं एक प्रकल्प चालला, त्याचं बरंच काम बेनिनमध्ये झालं. वाळवंटात ओल कुठली? त्यांनी मेटारायझियमचं बी पाण्याऐवजी तेलात घातलं. तेल टोळाच्या मेणचट अंगावर पसरतं, सांध्याच्या घडीत जातं, आणि तिथं बी कोरड्या हवेतही उगवतं. २०२० मध्ये सोमालियात टोळांवर तीच बुरशी फवारली. त्याच वर्षी मे महिन्यात अमरावती, नागपूरकडं टोळ उतरले होते आणि आपली माणसं थाळ्या वाजवत होती, आठवत असेल.

आता माझं. मी काय केलं होतं ते ऐका. मे अखेरीला, वर आभाळ नाही, खाली सरी वाळलेली, भर दुपारी मेटारायझियमची पावडर खतासारखी विस्कटली. ती पिशवी दुकानात पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेली होती, तारीख मी बघितली नाही. आणि जूनमध्ये उसात मर दिसली म्हणून त्याच सरीत बुरशीनाशकाची आळवणी केली. बुरशी सोडायची आणि वर बुरशीनाशक ओतायचं. ऑगस्टला ऊस पिवळा पडला, ओढला की उपटून हातात यायचा, बुडक्यात हुमण्या. मग मी सगळ्यांना सांगत सुटलो की बोगस आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी सुधारून केलं. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडतात, कडुलिंबावर, बाभळीवर बसतात, ते फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले. हे जुनंच काम, पण बुरशीपेक्षा याचा भरवसा जास्त. बुरशी जुलैत, चांगली ओल झाल्यावर, अळी लहान असताना. ताज्या पिशवीतली चिमूटभर आधी शिजवलेल्या भातावर टाकून बरणीत ठेवून बघितली, आठवडाभरात हिरवी चढली. (हिरवं दिसलं म्हणजे मेटारायझियमच असं नाही, भातावर काहीही हिरवं येतं. पण काहीच आलं नाही तर पिशवी मेलेली हे नक्की.) मग कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल धरून, सावलीत चार-पाच दिवस ठेवलं आणि संध्याकाळी सरीत टाकून मातीआड केलं.

आणि कॅन्ससमुळं एक जास्तीचं काम केलं. मधल्या पाच सऱ्यांत काहीच टाकलं नाही. बायको म्हणाली, तेवढ्यानं काय वाचवणार? म्हटलं, वाचवायला नाही, बघायला.

ऑक्टोबरला दोन्हीकडं खड्डे घेतले. टाकलेल्या सऱ्यांत हुमणी नक्कीच कमी होती, आणि कडक झालेल्या, हिरवी पूड आलेल्या अळ्या हातात आल्या. खुश होऊन न टाकलेल्या सऱ्या खणल्या. तिथं जिवंत हुमण्या जास्त होत्या. पण त्यातही दोन हिरव्या निघाल्या.

आता त्या दोन कुठनं आल्या? पाण्याबरोबर शेजारच्या सरीतनं वाहत आल्या असतील, नाहीतर माझ्या रानात ती बुरशी आधीपासनंच होती आणि त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून दिसली. पुतण्या म्हणतो दोन्ही शक्य आहे. एका वर्षावरनं आणि पाच सऱ्यांवरनं मी काही ठरवणार नाही.

यंदा सोडलेल्या सऱ्या बांधाच्या वरच्या अंगाला घेतल्यात, म्हणजे पाणी तिकडं चढणार नाही. खड्डे दसऱ्यानंतर घेणार. जे निघेल ते फोटोसकट टाकतो. तुम्ही कुणी हुमणीसाठी बुरशी टाकली असेल तर चार सऱ्या तशाच सोडा आणि त्याच सुमाराला खणा. टपरीवर बोलायला काहीतरी हातात असेल.